मार्गनिर्धारणातील बाह्य मार्गांच्या प्रसारणाचे नियंत्रण

संगणकांच्या जाळ्यात आलेले संदेशाचे पॅकेट पुढे कोणत्या दिशेने पाठवावयाचे, हे ठरविणाऱ्या साधनास राउटर म्हणतात. हा निर्णय घेण्यासाठी लागणारी माहिती राउटर ज्या नियमांनुसार एकमेकांस पुरवितात, त्या नियमांच्या संचास मार्गनिर्धारण प्रोटोकॉल अशी संज्ञा आहे. एकाच व्यवस्थापनाखाली असलेल्या जाळ्यास स्वायत्त प्रणाली म्हणतात, तर अशा प्रणालीच्या सीमेपलीकडील ठिकाणांकडे नेणारे मार्ग हे तिच्या दृष्टीने बाह्य मार्ग होत. काही प्रोटोकॉलांत एका राउटरने दिलेली माहिती त्याच्या सर्व शेजाऱ्यांकडे, त्यांच्याकडून त्यांच्या शेजाऱ्यांकडे, याप्रमाणे जाळ्याच्या टोकापर्यंत जशीच्या तशी पोहोचविली जाते. पुराचे पाणी सर्व वाटांनी पसरते त्याप्रमाणे ही माहिती पसरत असल्यामुळे या क्रियेस फ्लडिंग अर्थात पूर-प्रसारण हे नाव पडले. बाह्य मार्गांची संख्या वाढू लागली, तेव्हा या प्रसारणास बांध घालणे आवश्यक झाले. प्रत्येक राउटरला सर्व काही ठाऊक असावे, या मूळ कल्पनेपासून कोणाला किती ठाऊक असणे पुरेसे आहे, या प्रश्नापर्यंत झालेला प्रवास म्हणजे या नियंत्रणाचा इतिहास होय.

पूर्वेतिहास : अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने १९६९ मध्ये सुरू झालेले आर्पानेट हे पॅकेट-प्रेषणावर आधारलेले आरंभीचे मोठे जाळे होते. त्याची संदेशवाहक यंत्रे मॅसॅचूसेट्समधील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीने तयार केली. त्यांना ‘आयएमपी’ असे म्हणत. आजच्या राउटरचे ते पूर्वज होत. आरंभीच्या पद्धतीत प्रत्येक यंत्र कोणते ठिकाण आपल्यापासून किती दूर आहे, याचा तक्ता आपल्या शेजाऱ्यांना वारंवार कळवीत असे. शेजारी त्यात स्वतःपर्यंतच्या अंतराची भर घालून आपला तक्ता तयार करीत. या पद्धतीस अंतर-सदिश पद्धती म्हणतात. तीत कोणत्याही यंत्राजवळ जाळ्याचा संपूर्ण नकाशा नसतो; शेजाऱ्याने सांगितलेल्या अंतरावर विश्वास ठेवूनच त्याला चालावे लागते. नवा व जवळचा मार्ग निर्माण झाल्याची वार्ता या पद्धतीत लवकर पसरते, परंतु एखादा दुवा तुटल्याची वार्ता पसरण्यास वेळ लागतो. दरम्यान दोन शेजारी एकमेकांकडे बोट दाखवीत राहतात आणि पॅकेटे त्यांच्यामध्येच फिरत राहतात. याच पद्धतीवर आधारलेल्या ‘रिप’ या प्रोटोकॉलाचे नियम १९८८ मध्ये दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्यात अंतराची कमाल मर्यादा १५ टप्पे ठेवण्यात आली व १६ म्हणजे अगम्य असे मानण्यात आले. वार्ता पसरण्याचा विलंब आटोक्यात ठेवण्यासाठी जाळ्याच्या विस्तारालाच अशा रीतीने मर्यादा घालावी लागली.

आर्पानेटमध्ये १९७९ मध्ये वेगळी पद्धत अमलात आली. जॉन मॅक्विलन, आयरा रिचर व एरिक रोझेन यांनी तिचे वर्णन १९८० मध्ये प्रसिद्ध केले. या पद्धतीत प्रत्येक यंत्र केवळ स्वतःला प्रत्यक्ष जोडलेल्या दुव्यांची स्थिती कळविते, मात्र ती सर्व जाळ्याला कळविते. सर्वांची निवेदने एकत्र केली की, प्रत्येक यंत्राजवळ जाळ्याचा तोच पूर्ण नकाशा तयार होतो. या नकाशावरून डच गणितज्ञ एड्सखर डायक्स्ट्रा यांच्या १९५९ च्या रीतीने प्रत्येक यंत्र स्वतंत्रपणे लघुतम मार्ग काढते. या पद्धतीस दुवा-स्थिती पद्धती असे म्हणतात. सर्वांचा नकाशा एकच असल्याने सर्वांचे निर्णय परस्परांशी जुळतात, हे तिचे बळ होय. नकाशा एकच राहावयाचा, तर प्रत्येक निवेदन प्रत्येक यंत्रापर्यंत बिनचूक पोहोचले पाहिजे. म्हणजेच ही पद्धत पूर्णपणे पूर-प्रसारणावर अवलंबून आहे.

१९८० ची घटना : पूर-प्रसारण अनावर झाले तर काय होते, याचा प्रत्यय लवकरच आला. २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट अनेक तास निकामी झाले. एरिक रोझेन यांनी या घटनेचे विश्लेषण १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. कोणते निवेदन नवे व कोणते जुने, हे ओळखण्यासाठी प्रत्येक निवेदनास अनुक्रमांक दिलेला असे. तो सहा बिटांचा म्हणजे ० ते ६३ या दरम्यानचा असून ६३ नंतर पुन्हा ० येत असे. अंक असे वर्तुळाकार फिरत असल्याने, चक्राच्या निम्म्या अंतरापर्यंत पुढे असलेला अंक नवा समजावा, असा नियम होता. एका यंत्रातील दोषामुळे काही बिट गळाले आणि त्याच्या शेजाऱ्याने काढलेल्या एकाच निवेदनाच्या ८, ४० व ४४ अशा तीन अनुक्रमांकांच्या प्रती जाळ्यात शिरल्या. नियमाप्रमाणे ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा आणि चक्र ओलांडून ४४ पेक्षा ८ नवा ठरत होता. त्यामुळे प्रत्येक यंत्र प्रत्येक प्रत नवी समजून स्वीकारी व पुढे पाठवी. या तीन प्रतींचे भ्रमण थांबेना. यंत्रांची स्मृती व वेळ त्यांतच खर्ची पडू लागली आणि प्रत्यक्ष संदेशांसाठी काही उरले नाही. अखेर त्या विशिष्ट यंत्राची निवेदने दुर्लक्षित करावीत, अशी तात्पुरती दुरुस्ती सर्व यंत्रांत केल्यावरच जाळे पूर्वपदावर आले.

या घटनेपासून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली म्हणजे पूर-प्रसारणाचे नियम काटेकोर असले पाहिजेत. राडिया पर्लमन यांनी १९८३ मध्ये या प्रश्नाचा पद्धतशीर विचार करून अनुक्रमांक, निवेदनाचे वय आणि दोषांतून सावरण्याची रीत यांविषयी जे मांडले, त्याचा प्रभाव पुढील सर्व दुवा-स्थिती प्रोटोकॉलांवर पडला. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत होती. जे निवेदन सर्वत्र पोहोचते ते सर्वत्र अपाय करू शकते. एका कोपऱ्यातील दोष तेथेच राहावा असे वाटत असेल, तर प्रसारणाला कोठेतरी कुंपण हवे. ही दुसरी गोष्ट आचरणात येण्यास मात्र आणखी दहा वर्षे लागली.

ओएसपीएफचा उदय : १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात इंटरनेटच्या तांत्रिक मानकांचा विचार करणाऱ्या आयईटीएफ या संघटनेने रिपच्या जागी वापरता येईल असा खुला प्रोटोकॉल तयार करण्याचे काम हाती घेतले. त्यातून ‘ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट’, संक्षेपाने ओएसपीएफ, हा प्रोटोकॉल निर्माण झाला. जॉन मॉय हे त्याच्या विनिर्देशाचे लेखक होत. पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९८९ मध्ये व दुसरी जुलै १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आवृत्तीच्या विनिर्देशाचे पुढे अनेकदा संस्करण झाले, त्यांपैकी एप्रिल १९९८ चा विनिर्देश मानक म्हणून मान्यता पावला. अनुक्रमांकांच्या बाबतीत १९८० चा धडा येथे पूर्णपणे गिरविलेला दिसतो. दुसऱ्या आवृत्तीत अनुक्रमांक ३२ बिटांचे असून ते वर्तुळाकार न फिरता सरळ रेषेत वाढतात. प्रत्येक निवेदनासोबत पडताळ्याची बेरीज असते व ती निवेदन साठवून ठेवलेले असतानाही तपासली जाते. नवी प्रत न आल्यास एका तासाने निवेदन बाद होते, म्हणून मूळ राउटर दर अर्ध्या तासाने ते नव्याने प्रसृत करतो.

जाळे मोठे झाल्यास ते क्षेत्रांत विभागता यावे, अशी सोय ओएसपीएफमध्ये आहे. प्रत्येक क्षेत्राचा सविस्तर नकाशा त्या क्षेत्रापुरताच राहतो. सर्व क्षेत्रे ‘शून्य’ क्रमांकाच्या कणा-क्षेत्राला जोडलेली असतात. दोन क्षेत्रांच्या सांध्यावरील क्षेत्रसीमा राउटर एका क्षेत्रातील ठिकाणांचा गोषवारा दुसऱ्या क्षेत्रास कळवितो. त्यामुळे एका क्षेत्रातील दुवा तुटला, तर दुसऱ्या क्षेत्रातील राउटरांना आपला सबंध नकाशा नव्याने सोडवावा लागत नाही. १९८० च्या घटनेने सुचविलेले कुंपण या रूपाने प्रथमच उभे राहिले.

बाह्य मार्गांचा भार : या कुंपणाला एक मोठे खिंडार मात्र मुद्दाम ठेवलेले होते. स्वायत्त प्रणालीच्या सीमेवर असलेला राउटर बाहेरच्या जगाकडून जे मार्ग शिकतो, ते तो आत प्रसृत करतो. या प्रत्येक मार्गासाठी एक स्वतंत्र निवेदन असते आणि ते क्षेत्रांच्या सीमा ओलांडून संपूर्ण प्रणालीत, गोषवारा न होता, पसरते. ओएसपीएफच्या परिभाषेत हे पाचव्या प्रकारचे निवेदन होय. असे करण्यामागे सबळ कारण होते. प्रणालीला बाहेर पडण्याची दोन-तीन दारे असतील, तर कोणत्या ठिकाणासाठी कोणते दार जवळचे, हे प्रत्येक राउटरला स्वतःच ठरविता यावे, असा हेतू त्यात होता.

आतील दुव्यांची संख्या ही संस्थेच्या स्वतःच्या विस्ताराबरोबर वाढते. बाह्य मार्गांची संख्या मात्र बाहेरच्या जगाबरोबर वाढते आणि तिच्यावर संस्थेचा काहीही ताबा नसतो. दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली त्या वेळीच अनेक प्रणालींच्या राउटरांतील साठ्याचा बहुतांश भाग बाह्य मार्गांनी व्यापलेला होता. या भाराची कल्पना एका साध्या हिशोबाने येईल. बाह्य मार्गाचे एक निवेदन सामान्यतः ३६ बाइटांचे असते. असे १० हजार मार्ग असतील, तर ती माहिती ३ लाख ६० हजार बाइट म्हणजे सु. २९ लाख बिट होते. सेकंदास ५६ हजार बिट वाहून नेणाऱ्या त्या काळच्या भाड्याच्या तारमार्गावरून ती पाठविण्यास ५० सेकंदांहून अधिक वेळ लागे. राउटर नव्याने सुरू झाला की, प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी हा वेळ द्यावा लागे आणि पुढे दर अर्ध्या तासाने तीच माहिती त्याच तारेवरून पुन्हा येई. याशिवाय प्रत्येक मार्गासाठी स्मृतीत जागा लागे. बाहेर कोठेतरी एखादा मार्ग क्षणाक्षणाला लागत व तुटत असला, तर त्याची प्रत्येक वार्ता प्रणालीतील लहानात लहान राउटरपर्यंत जाई. ज्या राउटरला बाहेर पडण्यासाठी एकच दार आहे, त्याला या सर्व माहितीचा उपयोग शून्य होता. दहा हजार प्रश्नांचे त्याचे उत्तर एकच होते : त्याच दाराकडे जा.

अंत्य क्षेत्र : या निरीक्षणातून स्टब क्षेत्राची कल्पना पुढे आली. स्टब या इंग्रजी शब्दाचा अर्थ खुंट किंवा पुढे वाट नसलेले टोक असा आहे, म्हणून मराठीत त्यास अंत्य क्षेत्र म्हणता येईल. १९८९ च्या आवृत्तीत नसलेली ही सोय १९९१ च्या आवृत्तीत समाविष्ट करण्यात आली. अंत्य क्षेत्रात पाचव्या प्रकारच्या निवेदनांना प्रवेश नसतो. त्यांऐवजी क्षेत्रसीमा राउटर आत केवळ एक सर्वसाधारण मार्ग कळवितो. ज्या ठिकाणाचा मार्ग ठाऊक नाही, त्याची पॅकेटे माझ्याकडे पाठवावीत, असा त्याचा आशय असतो. हजारो निवेदनांची जागा अशा रीतीने एका निवेदनाने घेतली. स्मृती व वेग कमी असलेले स्वस्त राउटर यामुळे मोठ्या प्रणालीत नांदू शकले.

या सोयीबरोबर काही बंधनेही आली. अंत्य क्षेत्रातून इतरांची वाट जाऊ शकत नाही, म्हणून कणा-क्षेत्राचे तुटलेले भाग जोडणारा आभासी दुवा त्यातून नेता येत नाही. कणा-क्षेत्र स्वतः अंत्य क्षेत्र होऊ शकत नाही. अंत्य क्षेत्राच्या आतील कोणताही राउटर बाहेरच्या जगाशी परस्पर जोडलेला असता कामा नये. सर्वांत लक्षणीय बंधन म्हणजे क्षेत्र अंत्य आहे, यावर त्यातील सर्व राउटरांचे एकमत असावे लागते. शेजाऱ्यांची ओळख पटविण्यासाठी राउटर जी ‘हॅलो’ पॅकेटे पाठवितात, त्यांत यासाठी एक बिट राखून ठेवलेला आहे. या बिटाबाबत मतभेद असल्यास दोन राउटर एकमेकांस शेजारी म्हणून स्वीकारीतच नाहीत. ही कठोरता अनाठायी नाही. एका राउटरने बाह्य मार्गांच्या आधारे पॅकेट एका दिशेने पाठविले व दुसऱ्याने त्या मार्गांच्या अभावी ते सर्वसाधारण मार्गाने परत पाठविले, तर ते दोघांमध्ये फिरत राहील. एकच पूर्ण नकाशा हे दुवा-स्थिती पद्धतीचे बळ होते. अपुरा नकाशाही सुरक्षित असू शकतो, पण तो सर्वांचा सारखाच अपुरा असला पाहिजे, हे या नियमाने मान्य केले.

हीच कल्पना पुढे ताणून इतर क्षेत्रांचे गोषवारेही आत येऊ न देण्याची प्रथा पडली. सिस्को या कंपनीच्या राउटरांमुळे अशा क्षेत्रास ‘टोटली स्टबी’ हे नाव रूढ झाले. १९९८ च्या विनिर्देशातही अंत्य क्षेत्रात कोणते गोषवारे सोडावयाचे, याची निवड क्षेत्रसीमा राउटरवर सोपविलेली आहे.

नियंत्रणाची किंमत : माहिती अडविण्याने काही गमवावेही लागते. अंत्य क्षेत्राला दोन क्षेत्रसीमा राउटर असल्यास दोघेही सर्वसाधारण मार्ग कळवितात. आतील राउटर त्यांपैकी जो आपल्या जवळ असेल तो निवडतो. इच्छित ठिकाण प्रत्यक्षात दुसऱ्या दाराने जवळ असले, तरी ते त्याला कळत नाही आणि पॅकेट लांबच्या वाटेने जाते. तसेच बाहेरचे एखादे ठिकाण नाहीसे झाले, तरी अंत्य क्षेत्रातील राउटर त्याची पॅकेटे सीमेपर्यंत पाठवीतच राहतो व ती तेथे टाकून दिली जातात. म्हणजे जागा व स्थैर्य यांच्या मोबदल्यात अचूकता सोडावी लागते. कोणत्या क्षेत्रात हा व्यवहार परवडतो, हे प्रोटोकॉल ठरवू शकत नाही. ते जाळ्याची आखणी करणाऱ्या अभियंत्याला ठरवावे लागते.

अंशतः अंत्य क्षेत्र : अंत्य क्षेत्राच्या आत बाह्य जोडणी असू नये, हे बंधन प्रत्यक्षात अडचणीचे ठरले. प्रादेशिक जाळ्यांना जोडली जाणारी ग्राहक-संस्था बहुधा लहान असे व तिच्याकडे रिप वापरणारे स्वतःचे जुने जाळे असे. संथ तारेच्या टोकाशी असलेल्या अशा संस्थेला बाहेरचे हजारो मार्ग शिकविणे व्यर्थ होते. याउलट तिच्या रिप जाळ्यातील ठिकाणे मात्र उर्वरित प्रणालीला कळणे आवश्यक होते. अंत्य क्षेत्र केल्यास तिची ठिकाणे बाहेर कळत नसत आणि साधे क्षेत्र केल्यास जगाचे सर्व मार्ग आत येत. कॅलिफोर्नियातील ‘बारनेट’ या प्रादेशिक जाळ्यात काम करणारे व्हिन्स फुलर आणि ओएसपीएफच्या प्रारंभीच्या प्रणाल्या लिहिणारे रॉब कोल्टन यांनी मार्च १९९४ मध्ये यावर तोडगा सुचविला. त्याला त्यांनी ‘नॉट-सो-स्टबी’ म्हणजे फारसे अंत्य नसलेले क्षेत्र, असे काहीसे मिस्कील नाव दिले.

या क्षेत्रात पाचव्या प्रकारच्या निवेदनांना बंदी कायम आहे. परंतु क्षेत्राच्या आतील राउटर स्वतः शिकलेले बाह्य मार्ग सातव्या प्रकारच्या निवेदनांद्वारे सांगू शकतो. ही निवेदने त्याच क्षेत्रात फिरतात. सीमेवर पोहोचल्यावर क्षेत्रसीमा राउटर त्यांचे पाचव्या प्रकारात रूपांतर करून ती कणा-क्षेत्रात सोडतो. निवेदनातील एका बिटाद्वारे हे रूपांतर व्हावे की नाही, हे मूळ राउटर सांगू शकतो. अशा रीतीने कुंपणाला एकाच दिशेने उघडणारे फाटक बसविण्यात आले. आतील थोडी माहिती बाहेर जाते, पण बाहेरची प्रचंड माहिती आत येत नाही.

सीमेवर एकाहून अधिक राउटर असल्यास रूपांतर कोणी करावयाचे, हा नवा प्रश्न निर्माण झाला. १९९४ च्या विनिर्देशानुसार सर्वांत मोठा ओळखक्रमांक असलेला राउटर ते काम करी. जानेवारी २००३ मध्ये पी. मर्फी यांनी सुधारलेला विनिर्देश प्रसिद्ध झाला. त्यात रूपांतरकाराची निवड, त्याच्यात बदल होताना ठेवावयाचा अवकाश आणि मार्गांचे एकत्रीकरण यांविषयीचे नियम अधिक स्पष्ट करण्यात आले. पुढे इंटरनेटच्या सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांसाठी तयार झालेल्या ओएसपीएफच्या तिसऱ्या आवृत्तीतही (१९९९, सुधारित २००८) अंत्य व अंशतः अंत्य अशा दोन्ही क्षेत्रांना स्थान मिळाले.

साठा ओसंडण्याचा धोका : क्षेत्रांची आखणी नीट केली, तरी कणा-क्षेत्रातील राउटरांना सर्व बाह्य मार्ग बाळगावे लागतातच. एखाद्या सीमा राउटरवरील चुकीच्या आदेशामुळे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक मार्ग आत शिरल्यास राउटरांची स्मृती भरून जाऊ शकते. अशा वेळी प्रत्येक राउटरने जमेल तेवढे मार्ग ठेवून बाकीचे टाकून दिले, तर कोणाचाच नकाशा दुसऱ्याशी जुळणार नाही. मार्च १९९५ मध्ये जॉन मॉय यांनी यासाठी प्रायोगिक स्वरूपाची एक रीत मांडली. तीत बाह्य निवेदनांच्या संख्येची मर्यादा सर्व राउटरांत एकसारखी ठरविलेली असते. मर्यादा गाठली गेल्याचे दिसताच प्रत्येक राउटर स्वतः प्रसृत केलेली बाह्य निवेदने मागे घेतो, फक्त सर्वसाधारण मार्ग ठेवतो.  संकटातही नकाशा सर्वांचा सारखा राहावा, हे तत्त्व येथेही सोडलेले नाही.

दुसरी वाट : ओएसपीएफच्याच काळात विकसित झालेला ‘आय-एस आय-एस’ हा दुवा-स्थिती प्रोटोकॉल डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये आकारास आला व १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला. त्यात आरंभी नेमकी उलट भूमिका होती. पहिल्या स्तरावरील राउटरला केवळ आपल्या क्षेत्राची माहिती असे. क्षेत्राबाहेरच्या कोणत्याही ठिकाणासाठी तो पॅकेट जवळच्या दुसऱ्या स्तरावरील राउटरकडे पाठवी. म्हणजे त्याची सर्व क्षेत्रे जन्मतःच अंत्य होती. जवळचे दार निवडल्याने वाट लांबते, हा दोष येथेही जाणवू लागला. म्हणून ऑक्टोबर २००० मध्ये निवडक मार्ग वरच्या स्तरावरून खाली उतरविण्याची रीत दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. उतरविलेला मार्ग पुन्हा वर चढून फेरा होऊ नये, यासाठी त्यावर खूण करणारा एक बिट ठेवण्यात आला. एका प्रोटोकॉलाने सर्वांना सर्व काही सांगण्यापासून आरंभ करून बांध घातले. दुसऱ्याने बंद दारापासून आरंभ करून झरोके पाडले. दोघेही जवळजवळ एकाच ठिकाणी येऊन पोहोचले, यावरून हा प्रश्न एखाद्या प्रोटोकॉलाच्या रचनेचा नसून मोठ्या जाळ्याच्या स्वरूपाचाच आहे, असे दिसते.

बाह्य मार्गांचे स्थलांतर : स्वायत्त प्रणालींमध्ये परस्परांत मार्गांची देवघेव करण्यासाठी बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, संक्षेपाने बीजीपी, जून १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. बीजीपीने शिकलेले मार्ग ओएसपीएफमध्ये घालून प्रणालीत पसरवावेत, अशी आरंभी अनेकांची कल्पना होती. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, याचे नियमही १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. बाह्य निवेदनात ३२ बिटांच्या खुणेसाठी जी जागा ठेवलेली आहे, तिचा या नियमांत उपयोग केलेला आढळतो.

इंटरनेटच्या वाढीपुढे ही कल्पना टिकली नाही. सप्टेंबर १९९३ मध्ये पत्त्यांचे वर्ग मोडून अनेक पत्ते एकाच मार्गात गोवण्याची रीत निश्चित झाली. तिच्या लेखकांतही व्हिन्स फुलर यांचे नाव आहे. तिने मार्गांच्या वाढीचा वेग काही काळ रोखला, पण वाढ थांबली नाही. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यांचे जागतिक मार्ग ऑगस्ट २०१४ मध्ये सु. ५ लाख १२ हजारांवर गेले, तेव्हा त्या संख्येपुरतीच जागा राखलेल्या काही जुन्या राउटरांत बिघाड होऊन अनेक ठिकाणची सेवा विस्कळित झाली. २०२० मध्ये ही संख्या ८ लाखांहून अधिक झाली होती. एवढे मार्ग पूर-प्रसारणाने वाहून नेणे कोणत्याही दुवा-स्थिती प्रोटोकॉलाच्या आवाक्यात नाही. म्हणून सेवा पुरविणाऱ्या मोठ्या जाळ्यांनी बाह्य मार्ग अंतर्गत बीजीपीकडे सोपविले. त्याची माहिती निवडक राउटरांमध्ये थेट संवादाने जाते, पूर-प्रसारणाने नव्हे. मार्ग बदलला तरच ती पाठविली जाते, ठराविक काळाने पुन्हा उगाळली जात नाही. ओएसपीएफ किंवा आय-एस आय-एस यांच्याकडे केवळ आपल्या जाळ्याच्या आतील वाटा व सीमेवरील दारापर्यंत पोहोचण्याचा मार्ग एवढेच काम राहिले. अंत्य व अंशतः अंत्य क्षेत्रांचा उपयोग प्रामुख्याने कार्यालये, विद्यापीठे, अधिकोष यांसारख्या संस्थांच्या जाळ्यांत होतो. या जाळ्यांत अनेक लहान शाखा एका-दोन दारांनी मध्यवर्ती जाळ्यास जोडलेल्या असतात.

मूल्यमापन : राउटरांची स्मृती व तारमार्गांचा वेग १९९१ नंतर कित्येक पटींनी वाढला. दहा हजार मार्गांचा भार ज्या तारेला जड होता, तिच्या जागी आलेल्या काचतंतूला तो जाणवतही नाही. त्यामुळे बाह्य मार्गांच्या नियंत्रणाचे मूळ कारण उरले नाही, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात जागेच्या टंचाईचे कारण मागे पडले असले, तरी स्थैर्याचे कारण तसेच आहे. जी वार्ता एखाद्या क्षेत्रापर्यंत पोहोचतच नाही, तिच्यातील चूक त्या क्षेत्राला बाधू शकत नाही. १९८० मध्ये तीन प्रतींनी सबंध जाळे थांबविले, त्याचे कारण त्या प्रतींना कोठेही अडविले जात नव्हते, हेच होते. अंत्य क्षेत्राच्या सीमेवर बाहेरच्या निवेदनांबरोबर बाहेरचे दोषही थांबतात.

या इतिहासात माहिती देणे व माहिती अडविणे या दोन्ही क्रियांना सारखेच महत्त्व आलेले दिसते. कोणती माहिती अडवावयाची, याचा निकष मात्र प्रत्येक टप्प्यावर एकच राहिला. जी माहिती मिळाल्याने राउटरचा निर्णय बदलत नाही, ती त्याला न मिळाल्याने काही बिघडत नाही. जेथे निर्णय बदलू शकतो, तेथे ती अडविण्याची किंमत लांबलेल्या वाटेच्या रूपाने मोजावी लागते. आणि जे काही अडवावयाचे ते सर्वांच्या संमतीने व सारख्याच प्रमाणात अडविले गेले, तरच जाळे सुरक्षित राहते.